बागेच्या फाटकापाशी अडलेले चाक

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याने मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत गेलात तर बहुतेक मोठ्या गावांत समुद्राजवळ किंवा तळ्याकाठी एखादी सार्वजनिक बाग तुम्हाला दिसेल. सुरूची किंवा नारळीची रांग, सिमेंटची बाके, मुलांची घसरगुंडी, मधोमध एक कारंजे (ते बहुधा बंदच असते), आणि फाटकाशी दोन-तीन पायऱ्या. संध्याकाळी खारा वारा सुटला की बागेत गर्दी होते. त्या गर्दीकडे एकदा लक्षपूर्वक पाहा आणि तिच्यात कोण नाही ते शोधा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली. राज्याची लोकसंख्या तेव्हा ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे शंभर माणसांमागे अडीचहून थोडे अधिक. या हिशेबाने दोनशे माणसे बागेत असतील तर त्यांत पाच जण चाकांच्या खुर्चीतले, कुबड्या घेतलेले, पांढरी काठी वापरणारे किंवा ऐकू न येणारे दिसायला हवेत. गुडघे धरलेली आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई तर या मोजणीत धरलेलीच नाही. ही माणसे गावात आहेत, मग बागेत का नाहीत?

याचे उत्तर लोक बहुधा दयाबुद्धीत शोधतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला ते फाटकाच्या पायरीत दिसते. पूर्वी 'अपंग' म्हणत, आज शासकीय भाषेत 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलल्याने पायरीची उंची कमी होत नाही. म्हणून आपण सरळ उंचीकडेच वळू.

दोन सेंटिमीटरचा उंबरठा

बागेच्या फाटकाखाली लोखंडी पट्टी किंवा सिमेंटचा छोटा उंबरठा असतो. तो दोन सेंटिमीटर उंच आहे असे समजा. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. चाकांच्या खुर्चीचे काय होते?

या खुर्चीला मागे दोन मोठी चाके असतात, साधारण ३० सेंटिमीटर त्रिज्येची. पुढे दोन लहान, सगळीकडे वळणारी चाके असतात, त्यांची त्रिज्या बऱ्याच खुर्च्यांत १० सेंटिमीटर असते. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलोग्रॅम धरू, म्हणजे वजन सुमारे ८०० न्यूटन. त्यातला चौथा हिस्सा, २०० न्यूटन, पुढच्या चाकांवर येतो असे मानू.

आता वहीत आकृती काढा. पुढचे चाक उंबरठ्याच्या कडेला टेकले आहे. चाकाचा आस जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, कड २ सेंटिमीटरवर. म्हणजे आस कडेच्या वर ८ सेंटिमीटर आहे. आसापासून कडेपर्यंतचे अंतर म्हणजे त्रिज्याच, १० सेंटिमीटर. पायथागोरसाचा सिद्धांत लावला की आडवे अंतर ६ सेंटिमीटर येते. ६-८-१० चा हा ओळखीचा त्रिकोण! कड हा टेकू माना. वजन चाकाला मागे खाली खेचते, त्याची भुजा ६ सेंटिमीटर. ढकलणारे बल चाकाला पुढे नेते, त्याची भुजा ८ सेंटिमीटर. तरफेच्या नियमाप्रमाणे

ढकलण्याचे बल × ८ = २०० × ६

म्हणून बल १५० न्यूटन. हीच खुर्ची गुळगुळीत काँक्रीटवर सरळ चालवायला १२ न्यूटनच्या आसपास बल पुरते. म्हणजे आपल्याला न जाणवणाऱ्या उंबरठ्याने काम बारा पटींनी अवघड केले.

उंबरठा ५ सेंटिमीटरचा झाला तर हेच गणित ३४६ न्यूटनांवर जाते. १० सेंटिमीटरचा झाला तर? आस आणि कड एकाच पातळीत येतात, ढकलणाऱ्या बलाची भुजा शून्य होते आणि मग भीम आला तरी आडवे ढकलून चाक चढणार नाही. खुर्ची मागे कलती करून पुढची चाके उचलावी लागतात, आणि त्यासाठी बहुधा दुसरा माणूस लागतो. तो नसेल तर सहल फाटकापाशीच संपते. वेगात येऊन उंबरठा ओलांडावा म्हटले तर जडत्व आडवे येते: चाक थांबते, बसलेला माणूस थांबत नाही.

जाता जाता एक गोष्ट. तेवढाच भार असताना ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला हाच दोन सेंटिमीटरचा उंबरठा चढायला जवळजवळ निम्मे बल पुरते. हिशेब स्वतः करून पाहा. आपल्या बैलगाडीला एवढी थोरली चाके का असत, तेही मग समजेल.

उंबरठ्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. दोन्ही बाजूंनी एक-एक घमेले सिमेंट टाकून त्याची कड तिरपी करायची. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम.

पायऱ्यांच्या जागी उतरण

आता पायऱ्या. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. येथे उतरण बांधायची असे ठरले. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी पायऱ्यांवरच एक काँक्रीटचा उतार ओततात. लांबी १ मीटर ८० सेंटिमीटर, उंची ४५. प्रमाण चारास एक. वरून 'सोय केली' अशी पाटीही लागते. ही सोय नव्हे, हे आकड्यांनीच दाखवतो.

साध्या यंत्रांच्या धड्यात तुम्ही शिकलात की उतरणीवर चढवताना कार्य तेच राहते. ८०० न्यूटन वजन ४५ सेंटिमीटर वर न्यायला ३६० ज्यूल लागतात, वाट कोणतीही घ्या. वाट लांबवली की बल कमी होते. चारास एक चढावर उताराच्या दिशेने वजनाचा घटक सुमारे १९४ न्यूटन. चाकांचा १२ न्यूटन रोध मिळवला की २०६, म्हणजे वीस-एकवीस किलो वजन हातांनी सतत ओढण्यासारखे. बारास एक चढ घेतला तर वजनाचा घटक ६६ आणि एकूण ७८ न्यूटन. पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यासाठी लांबी मात्र ५ मीटर ४० सेंटिमीटर हवी. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांत कमाल चढ म्हणून बारास एक हेच प्रमाण दिलेले असते, ते काही कोणाच्या लहरीने आलेले नाही. एक ध्यानात ठेवा: हात चाकावर सतत नसतात. ढकलायचे, सोडायचे, पुन्हा पकडायचे. म्हणून प्रत्यक्ष ढकलण्याच्या क्षणी बल या सरासरीच्या बरेच वर जाते.

पण बलापेक्षाही मोठी भीती वेगळी आहे. बसलेल्या माणसासह खुर्चीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच आणि मागच्या चाकांच्या आसापुढे सुमारे १५ सेंटिमीटर असतो असे धरू. खुर्चीप्रमाणे आणि माणसाप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. सपाट जमिनीवर गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चारही चाकांच्या मध्ये पडतो, म्हणून खुर्ची स्थिर. चढावर खुर्ची मागे कलते आणि ओळंबा मागच्या चाकाकडे सरकतो. तो मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूवर केव्हा येईल? चढाचे प्रमाण ६० ला १५ झाले की. म्हणजेच चारास एक! ज्या उतारावर 'सोय केली' ची पाटी लावली, त्याच उतारावर खुर्ची मागे उलटण्याच्या काठावर येते. तेथे चाकाला एक जोराचा हिसका दिला की डोके काँक्रीटवर. चढताना माणूस पुढे वाकतो, तो हा ओळंबा पुढे आणण्यासाठीच.

आणि उतरताना? ४५ सेंटिमीटरवरची ३६० ज्यूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. हात सोडले आणि घर्षण दुर्लक्षिले तर तळाशी वेग सेकंदाला ३ मीटर, ताशी जवळजवळ ११ किलोमीटर. हा वेग उतार लांब असो की आखूड, तेवढाच. फरक पडतो तो रोखण्यात. बारास एक उतारावर हातांना सुमारे ५५ न्यूटन रोखावे लागतात, चारास एकवर १८० हून अधिक. आणि ती सारी ऊर्जा तळहातांच्या कातडीवर उष्णता होऊन उतरते.

उतरणीला वर आणि खाली दीड मीटरची सपाट जागा हवी, कारण खुर्ची जागच्या जागी वळायला तेवढे वर्तुळ लागते. उंची ७५ सेंटिमीटरांच्या वर जाणार असेल तर मध्ये विसाव्यासाठी एक सपाट टप्पा. रुंदी निदान १२० सेंटिमीटर. कडेला बसकी भिंत, म्हणजे चाक घसरून बाहेर जाणार नाही. आणि दोन्ही बाजूंना कठडा दोन उंचींवर, ७६ आणि ९० सेंटिमीटर. हा कठडा खुर्चीवाल्यापेक्षाही चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगी पडतो, आणि तरीही खर्च वाचवताना पहिली काट त्यालाच लागते.

फाटक आणि मोटारसायकल

येथवर सगळे गणिताप्रमाणे झाले. फाटकाच्या रुंदीचा प्रश्न मात्र चांगलाच चिवट आहे. बागेत गुरे आणि मोटारसायकली येऊ नयेत म्हणून फाटकाजागी लोखंडी खुंट पुरतात किंवा माणूस कसाबसा जाईल असे फिरते फाटक लावतात. गुरे अडतात, खुर्चीही अडते. खुर्चीची रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर, हात चाकांवर ठेवून जायला ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. पण मोटारसायकलचे हँडल ७० ते ८० सेंटिमीटरच असते! खुर्ची जाईल तेथून ती आरामात जाते. रुंदी मोजून दोघांना वेगळे करता येत नाही.

लांबी मोजून करता येईल काय? खुर्ची लांबीला सव्वा मीटरच्या आत असते आणि एक चाक पुढे, दुसरे मागे फिरवले की जागीच वळते. मोटारसायकल सुमारे दोन मीटर लांब, आणि तिला वळायला मोठे वर्तुळ लागते. म्हणून दोन आखूड भिंती एकीआड एक, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून बांधल्या, तर खुर्ची नागमोडी वळून आत जाईल आणि मोटारसायकलस्वाराला उतरून गाडी उचलून फिरवावी लागेल. घाईवाल्याला तेवढे पुरते.

पण आपल्या खेड्यापाड्यांत अनेक जण चाकांच्या खुर्चीऐवजी हाताने फिरवायची तीनचाकी सायकल वापरतात. ती लांबीला मोटारसायकलजवळ जाते आणि वळायलाही तशीच अवघड. येथे भूमिती हात टेकते. मग उरते ते साधे उघडणारे मोठे फाटक आणि बसूनही हात पोचेल अशा उंचीवरची कडी. त्यातून एखादी मोटारसायकल आत येईल. तिला दंड करावा. एकाच्या बेशिस्तीसाठी दुसऱ्याला बाहेर ठेवणे मला पटत नाही.

वाट: वाळू, जांभा आणि शेवाळ

आत गेल्यावर वाट कशाची आहे? किनाऱ्यावर वाळू फुकट मिळाल्यासारखी असते, म्हणून वाटांवर वाळू किंवा बारीक खडी पसरतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उभ्या माणसाचे ६०० न्यूटन वजन दोन पावलांच्या ३०० चौरस सेंटिमीटरवर विभागले जाते: दर चौरस सेंटिमीटरला २ न्यूटन. खुर्चीच्या पुढच्या एका अरुंद चाकावर १०० न्यूटन येतात आणि ते जमिनीला जेमतेम ५ चौरस सेंटिमीटरवर टेकते: दर चौरस सेंटिमीटरला २० न्यूटन. दहापट दाब. चाक रुतणारच. रुतले की त्याच्यापुढे वाळूचा सतत एक छोटा उंबरठा तयार होत राहतो, आणि आपण वर केलेले गणित पावलोपावली लागू होते.

जांभ्याच्या फरसबंदीला दुसरे दुखणे. किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून संपता संपता सावलीतला जांभा शेवाळाने हिरवा होतो. कुबडी घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? कुबडी उभ्या रेषेशी जो कोन करते त्याची स्पर्शज्या घर्षणांकापेक्षा मोठी झाली की कुबडी घसरते. कोरड्या, खरबरीत दगडावर रबरी टोपणाचा घर्षणांक ०.६ धरला तर हा कोन ३१ अंश. शेवाळावर तो ०.२ वर आला असे मानले तर केवळ ११ अंश. कुबडी १३० सेंटिमीटरची असेल तर पहिल्या स्थितीत ती ६७ सेंटिमीटर पुढे टेकवता येते, दुसऱ्या स्थितीत २५. म्हणजे पावसाळ्यात तीच बाग तिच्यासाठी जवळजवळ तिपटीने लांब होते, आणि एका चुकीच्या टेकण्यात पडण्याचा धोका वेगळाच. शेवाळ खरवडणे हे बागेच्या देखभालीतले सर्वांत कंटाळवाणे काम असेल, पण ऑगस्टमध्ये त्याच्याइतके मोलाचे दुसरे नाही.

पाणी निघून जावे म्हणून वाटेला आडवा उतार द्यावाच लागतो. तो पन्नासास एकपेक्षा अधिक नको. दीड मीटर रुंद वाटेला ३ सेंटिमीटर एवढाच. अधिक दिला तर खुर्ची आपोआप उताराकडे वळू लागते. पुढची चाके कोठेही वळणारी असल्याने ती आडवे बल सोसत नाहीत. ते सोसतात फक्त मागची. गुरुत्वमध्य त्यांच्या पुढे १५ सेंटिमीटर, म्हणून पुढचे तोंड खाली फिरते. सरळ जाण्यासाठी मग खालच्या बाजूच्या हाताला सारखे जास्त ढकलावे लागते. तासाभराने एकच खांदा का भरून येतो ते खुर्ची वापरणाऱ्यांना विचारा. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या वाटेला आडव्या असाव्यात आणि फटी बोटाच्या जाडीहून लहान, हे आता तुम्हीच सांगाल.

डोळ्यांवाचून बाग

दृष्टिहीनांसाठी वाटेतच लिपी कोरता येते. १९६५ साली जपानमध्ये सेइइची मियाके यांनी उंचवटे असलेली फरशी तयार केली. लांबट पट्ट्या म्हणजे 'या दिशेने चला', गोल टेंगळे म्हणजे 'थांबा, पुढे पायरी किंवा रस्ता आहे'. उंचवटा काही मिलिमीटरांचा, पण पायाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला तो स्पष्ट कळतो. या फरशा प्रथम बसवल्या गेल्या त्या १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर. ओकायामा हे नाव पुणेकरांना परके नाही: सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, त्याच शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेले, २००६ साली खुले झाले. आपल्याकडे या पिवळ्या फरशा आता रेल्वेच्या फलाटांवर सर्रास दिसतात. पिवळ्या का? कारण अंधुक दिसणाऱ्यांची संख्या अजिबात न दिसणाऱ्यांहून मोठी असते आणि करड्या जमिनीवर पिवळा रंग चटकन उठून दिसतो. बसवताना मात्र विचार हवा. पट्ट्यांची वाट थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडलेली तुम्हीही पाहिली असेल.

बागेत फरशीहून मोठी मौज आहे ती वासाची, आणि येथे आपल्या किनाऱ्याला एक देणगी मिळाली आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री उलट, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणून दुपारी आणि संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येणार हे ठरलेले. सुगंधी झाडे वाटेच्या पश्चिमेला लावली तर वास वाटेवर येईल, पूर्वेला लावली तर तो पलीकडच्या घरांत जाईल. फाटकापाशी मोगरा, वळणावर सोनचाफा, बाकाजवळ बकुळ, पाण्याच्या नळाशी गवती चहा असे अंतर राखून लावले की वासावरून जागा ओळखता येते. सगळे एकत्र लावले तर नाक गोंधळते आणि थोड्या वेळाने थकतेही. किनाऱ्याची म्हणून सुरंगी अवश्य हवी. ती फुलते त्या दिवसांत नकाशाची गरजच नाही.

पाने हाताळता यावीत म्हणून काही वाफे ७० ते ७५ सेंटिमीटर उंच बांधावेत. खुर्चीतल्या माणसालाही मग वाकावे लागत नाही, आणि गुडघे जावेत म्हणून वाफ्याखाली पोकळी ठेवली तर फारच उत्तम. काटेरी झाडे आणि विषारी कण्हेर या वाफ्यांत नकोत.

बाकांचे थोडक्यात सांगतो. खुर्चीवर ताठ बसा, पावले गुडघ्याच्या खाली नव्हे, थोडी पुढे ठेवा आणि पुढे न वाकता उठून दाखवा. जमणार नाही. गुरुत्वमध्य पावलांच्या वर आल्याशिवाय कोणीही उभा राहू शकत नाही. बाक फार बुटके असले तर म्हाताऱ्या माणसाला तो तेथवर आणताच येत नाही. ४५ सेंटिमीटर उंची आणि हात टेकायला दोन दांडे, एवढ्याने काम होते. सिमेंटच्या बाकांना हे दांडे जवळजवळ कधीच नसतात.

खारी हवा

किनाऱ्यावर बांधलेले सारे काही समुद्राशी भांडत टिकावे लागते. मिठाचे कण असलेली दमट हवा लोखंडाचे गंजणे वेगाने वाढवते. पाच-सहा पावसाळ्यांत कठड्याचे पोपडे निघतात आणि ज्याला आधार हवा त्याच्याच हाताला ते लागतात. गंजरोधक पोलाद महाग, पण टिकते. मात्र एप्रिलच्या उन्हात धातूचा कठडा हाताला भाजतो, कारण तो साठवलेली उष्णता झपाट्याने कातडीला देतो; तेवढ्याच तापलेल्या लाकडाकडून ती सावकाश येते. म्हणून हाताखाली लाकूड किंवा जाड प्लास्टिकचे आवरण बरे. (लोखंड कटाक्षाने टाळलेली एक इमारत अलिबागला १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा तेथे हलवली. तेथे भीती गंजाची नव्हती, चुंबकसूचीच्या हलण्याची होती.)

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून पाण्याजवळ नेणारी लाकडी वाट खुली केली, सुमारे २६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. खुर्चीचा भार रुंद फळ्यांवर विभागला की तो दहापट दाब नाहीसा होतो, एवढेच तिचे तत्त्व. दोन आठवड्यांच्या आत मंदौस चक्रीवादळाने तिचे नुकसान केले, आणि ती दुरुस्त करण्यात आली. आपल्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आदळले तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. येथे अशी वाट करायची तर ती तुकड्यातुकड्यांची, पावसाळ्याआधी उचलून ठेवता येणारी असावी असे मला वाटते.

नागपूरला 'अनुभूती' नावाचे सर्वसमावेशक उद्यान उभारले जात असल्याचे २०२३ साली जाहीर झाले: सुमारे ९० हजार चौरस फुटांचे, स्पर्श आणि गंध यांच्या बागेसह, २१ प्रकारच्या अपंगत्वांचा विचार करून आखलेले. हा २१ चा आकडा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातून आला आहे. १९९५ च्या कायद्यात प्रकार सातच होते. असे उद्यान व्हावे, जरूर व्हावे. पण मुरूडची मुलगी रोज संध्याकाळी नागपूरला जाणार नाही. तिला गावच्याच बागेचा उंबरठा तिरपा झालेला हवा आहे. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत करमणुकीच्या जागाही घेतल्या आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबतचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. नियम कसेही असोत, तुमच्या गावच्या फाटकाचे माप कोणीतरी घ्यावेच लागेल.

ते तुम्ही घेऊ शकता. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिच्यावर जवळजवळ भरलेली, सपाट बाजूची पाण्याची बाटली आडवी ठेवली की बुडबुड्यावरून पट्टी समपातळीत आहे का ते कळते. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तमच. पट्टीचे एक टोक उतरणीवर टेकवून ती समपातळीत धरा आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजा. ८.३ सेंटिमीटर म्हणजे बारास एक. २५ आले तर चारास एक. ढकलण्याचे बल मोजायला रद्दीवाल्याचा लटकता काटा चालेल. खुर्चीला दोरी बांधून सावकाश, एकसारखी ओढा, काट्यावरचा एक किलो म्हणजे सुमारे १० न्यूटन. खुर्चीत माणसाऐवजी वाळूचे पोते बांधून ठेवा, आणि तीव्र उतारावर मागे दोघे जण उभे राहा. गावात खुर्ची किंवा कुबड्या वापरणारे कोणी असेल तर मोजणीला आधी त्यांना बोलवा: कोठे मोजायचे ते त्यांना अगोदरच ठाऊक असते. त्यांच्या खुर्चीला मात्र न विचारता हात लावू नका.

उंबरठे, उतार, फाटकाची रुंदी, बाकाची उंची आणि वाटेच्या प्रत्येक भागावरचे ओढण्याचे बल यांचा तक्ता करा. हे सर्व एकदा मे महिन्यात मोजा आणि एकदा ऑगस्टमध्ये, शेवाळ आल्यावर. नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाताना दोन्ही तक्ते बरोबर न्या.